एक पाय जोड म्हटलं, तिन्ही कापून दिले

काय सांगितलं होतं त्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला? माझ्या रिमोटच्या गाडीची मोटर आहे, कपॅसिटरचा एक पाय तिच्या डब्यावरून सुटलाय, तेवढा परत जोड. बोट ठेवून दाखवलं. वर बजावलं, बाकी कशालाही हात लावू नकोस. त्याने मान डोलावली. "हो काका, टेन्शन नका घेऊ." काका! गडी माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान, स्वतःच्या डोक्यावर चंद्र उगवलाय, आणि मी काका.

नाशिकच्या मेन रोडला गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळा विषय, त्यात जात नाही. संध्याकाळी पोचलो, त्याने मोटर हातात ठेवली. कपॅसिटर नाहीत. एक सुटला होता, आता तिन्ही गायब. डबा मात्र पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेला.

"अहो, ते १०४ नंबरचे कपॅसिटर कुठे गेले?"

"कोणते?"

"ते तीन. चपटे, तपकिरी."

"हां, ते होय! काढून टाकले. लूज होते. त्यांच्याशिवाय पण पळते, बघा."

आणि मी 'नको' म्हणायच्या आत पठ्ठ्याने ती थेट यूपीएसच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला टेकवली. ७.२ व्होल्टची मोटर! मागच्या झरोक्यातून निळ्या ठिणग्या दिसतायत, कार्बन जळाल्याचा वास सुटलाय आणि हा माझ्याकडे बघून हसतोय. "सुसाट आहे ना?"

सुसाट तुझं कपाळ. ते तीन कपॅसिटर काय शोभेला लावले होते? एक दोन टर्मिनलांच्या मधे, बाकीचे दोन एकेका टर्मिनलपासून डब्यावर. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, कार्बन घासून ज्या ठिणग्या उडतात त्यांचा कालवा जागच्या जागी दाबायला असतात ते. माझा रेडिओ, म्हणजे गाडीचा रिमोट, २७ मेगाहर्ट्झचा, जुना, हलक्या कानाचा. मोटरने जरा चुरचुर केली की रिसीव्हर तोच हुकूम समजतो. घरी येऊन मोटर बसवली. अर्धा थ्रॉटल दिला की पुढची चाकं अंगात आल्यासारखी डावी-उजवीकडे झटके मारायला लागली. आणि थ्रॉटल पुढे दाबला की गाडी मागे! कारण महाराजांनी लाल वायर काळीच्या जागी डकवली. डब्यावर प्लसच्या बाजूला लाल ठिपका छापलेला असतो. ठिपका लाल, वायर लाल. याहून सोपं करायचं म्हणजे जपानहून माणूस पाठवायचा का?

कापलेले तरी परत दे म्हटलं, तर म्हणे केरात गेले. आणि बिलात 'टेस्टिंग'चे वेगळे पैसे. कसलं टेस्टिंग? जाळून बघायचं?

मला या 'एक्स्ट्रा होतं' जमातीचा आयुष्यभराचा राग आहे. स्कूटर सर्व्हिसिंगहून येते, डिकीत दोन बोल्ट. "एक्स्ट्रा होते साहेब." पंखा उघडला, वॉशर उरला. "त्याची गरज नसते." मोबाईलवाला तर तीन स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून देतो, प्रसादासारखे. अरे, ज्याने ते बनवलं तो काय खुळा होता? तुला कळत नाही, ठीक आहे, मलाही हजार गोष्टी कळत नाहीत. पण मी त्या कापून केरात टाकत नाही!

त्याच्याकडे गेलोच का, असं कुणीतरी विचारणारच. माझ्याकडे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आहे. वायरी जोडायला उत्तम. पण ५४० मापाच्या या मोटरचा डबा म्हणजे पोलादाचा गोळा, सगळी उष्णता पिऊन बसतो, त्यावर कथील धरतच नाही. त्याला ६० वॅटचं लागतं, आणि ते याच्या टेबलावर होतं. बाकी सगळं घरी तपासून झालं होतं. मीटर लावून हाताने शाफ्ट फिरवत रीडिंग घेतलं, तिन्ही गुंडाळ्या ठणठणीत. बुशला तेलाचा थेंब दिला. फक्त एक पाय. एक!

त्याआधी अंबडला वाइंडिंगवाल्यांकडेही चक्कर मारली होती, म्हटलं त्यांच्याकडे मोठी आयर्न असेल. तिथे पाच-पाच एचपीच्या मोटरी जमिनीवर रांगेत झोपलेल्या. मी खिशातून माझी काढली. दुकानातले सगळे उठून बघायला आले. "ही कशाची?" गाडीची. "वायपरची?" नाही, रिमोटच्या गाडीची. शांतता. मग त्यातल्या ज्येष्ठांनी मोटर मला अदबीने परत दिली आणि म्हणाले, "नवीनच घ्या ना."

नवीनच घ्या! नवीन घेतली की तिच्यासोबत पिनियन, म्हणजे शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक, लागतो, कारण जुना ग्रब स्क्रूसकट शाफ्टला चिकटलाय. ऑनलाइन मागवला तर ३ मिमी भोकाचा आला. शाफ्ट ३.१७. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर काय? "थोडं फाइल मारून घ्या सर." कशाला, शाफ्टला की तुला?

आणि ही मोटर खराब तरी का झाली? गोल्फ क्लब ग्राउंडला गाडी काढली की आजूबाजूची गर्दी ठरलेले प्रश्न विचारते. किती पळते? केवढ्याला? मुलाची का? त्यांना उत्तरं देता देता गाडी बाकाच्या लोखंडी पायावर आदळली. धुळीचं तर बोलायलाच नको. २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीत अख्खं शहर खणलेलं. आर्मेचर-मॅग्नेटच्या फटीत धूळ, कम्युटेटरच्या खाचांत धूळ, माझ्या नाकातही तीच धूळ. द्वारका चौकात उभं राहिलो की नाकातली जरा जास्त.

असो. काल त्या मोबाईलवाल्याच्या दुकानात मी या सगळ्यावर बराच वेळ बोललो. म्हणजे ओरडलोच. ठिणग्या म्हणजे काय, त्यातून रेडिओलहरी कशा निघतात, काउंटरवर हात आपटून. मागे टेम्पर्ड ग्लास बसवायला आलेल्या चार पोरी मोबाईल खाली ठेवून ऐकत होत्या. एक आजोबा तर अगदी मनापासून. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पण ही चालते कशावर, पेट्रोलवर?" आणि मी, चाळिशी उलटलेला, दोन हप्ते भरणारा गृहस्थ, त्यांना परत पहिल्यापासून समजवायला लागलो. दुकानदाराने मधल्या मधे दोन ग्लासा बसवून घेतल्या.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिक्सरमध्येही मोटरच असते ना? त्यालाही कार्बन असतात ना?" असतात. दिवाळीपासून बंद आहे तो. मी विषय बदलला.

१०४ चे कपॅसिटर एम. जी. रोडला रुपया-दोन रुपयांना मिळतात, पण सुटे तीन कोणी देत नाही, पाकीटच घ्या म्हणतात. घेतलं. ठिपक्याला लाल वायर मीच लावली. गाडी आता पुढे दाबलं की पुढे जाते, थरथरत का होईना. ६० वॅटचं आयर्न मागवलंय, आता कुणाच्या दारात जाणार नाही. पार्सल भिवंडीत पोचलंय म्हणे. काल पण भिवंडीतच होतं.