पाइपात हीटर घाला आणि विसरून जा म्हणे!

माशांच्या टाकीसाठी घरच्या घरी हीटर बनवायचा तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, टीच्या तोंडातून ग्लँड (नळीभोवती आवळून पाणी अडवणारा जोड) लावून साधा काचेचा हीटर आत सोडा, कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीखाली कपाटात ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) होजमध्ये जोडा, झाला तुमचा इनलाइन, म्हणजे पाण्याच्या लाइनीतच बसणारा हीटर. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे जे छातीठोकपणे लिहिलंय ना, की वीज कमी लागते, पाणी एकसारखं तापतं, वाहत्या पाण्यात ओव्हरहीट होऊच शकत नाही, लाइनीत कुठेही लावा, हीटर सबमर्सिबल (पूर्ण पाण्यात बुडवता येणारा) आहे म्हणजे गळतीचं टेन्शन नाही, त्यातलं जवळपास काहीच खरं नाही. मी स्वतः असा हीटर बनवलाय आणि आजही वापरतोय, त्यामुळे करू नका म्हणायला बसलेलो नाही. टाकीत ती काचेची नळी दिसत नाही, प्लांटेड टँकवाल्यांना (टाकीत जिवंत पाणवनस्पती लावणाऱ्यांना) तेवढंच हवं असतं, आणि तो फायदा खरा आहे.

आधी विजेचं उरकून टाकू. हीटर टाकीत ठेवा नाहीतर पाइपात, 300 वॅट खाल्ले की 300 वॅटचीच उष्णता मिळणार. बिल ठरतं ते टाकीतून उष्णता बाहेर किती जाते त्यावर, आणि इनलाइनमध्ये तर पाइपाच्या अंगातून थोडी जास्तच जाते. वीज वाचवायची असेल तर टाकीवर झाकण टाका. दिवसाला एक लिटर पाणी उडून जात असेल तर नुसत्या त्या वाफेपायी सरासरी 28 वॅट सतत जात असतात, मग हीटर कुठेही बसवा.

"पाणी एकसारखं तापतं" हेही असंच. 200 लिटरच्या टाकीवर तासाला 1000 लिटरचा फिल्टर चालू असेल तर पाणी ढवळलं जातंच, हीटर फक्त प्रवाहाजवळ ठेवला तरी तेच होतं. आणि ज्यांना वाटतं की पाइपातून कढत पाणी येऊन मासे भाजतील त्यांनीही गणित करून बघा, तेवढ्या फ्लोला 300 वॅटमधून जाताना पाणी जेमतेम पाव अंशाने वाढतं.

आता मुख्य दावा. "पाणी वाहतंय म्हणून ओव्हरहीट होणार नाही." अहो, पण वाहतंय तोवर ना! फिल्टर धुवून परत लावला आणि आत हवा अडकली, लाइट जाऊन आली आणि पंपाने पाणीच ओढलं नाही, होज कुठेतरी मुडपली, आणि वाहणं संपलं. तेव्हा त्या 300 वॅटसमोर 200 लिटर नाही, पाइपातलं अर्धा लिटर पाणी असतं. टाकीत हीटरचा स्विच चिकटून तो चालूच राहिला तर 200 लिटर पाणी तासाला सव्वा अंशाच्या आसपास चढतं, म्हणजे तुमच्या लक्षात यायला वेळ मिळतो. अर्धा लिटर मिनिटाला आठ-साडेआठ अंश चढतं. 25 वरून उकळायला साधारण नऊ मिनिटं. आणि साधा यूपीव्हीसी पाइप 60 अंशांच्या वर वापरायचाच नसतो, 80 च्या आसपास तो मऊ पडतो, म्हणजे उकळायच्या आधीच ग्लँडची पकड सुटणार आणि फरशीवर तलाव.

यावर लगेच उत्तर येतं की हीटरमध्ये थर्मोस्टॅट आहे की. आहे, आणि तो धड असेल तर पाइप वाचतो. मासे मात्र वाचतीलच असं नाही. माझ्याकडे हेच झालं, फिल्टर धुतल्यावर हवा अडकली होती, मी कपाट उघडून बघितलं तर हीटरचा दिवा बंद, पाइपाला हात लावला तर मस्त कोमट, म्हटलं सगळं ओके. दुसऱ्या दिवशी मासे तळाशी एका कोपऱ्यात गोळा झालेले, थर्मामीटर 21 वर. हीटर पाइपातलं अर्धा लिटर इमानेइतबारे 26 वर सांभाळत बसला होता आणि वर टाकी गार पडत होती! त्या दिवसापासून दिव्यावर विश्वास नाही, टाकीच्या काचेवर वेगळा थर्मामीटर आहे आणि सकाळी पहिली नजर तिकडेच.

त्यातून काही लोक एक पायरी पुढे जातात, थर्मोस्टॅट नसलेला टायटॅनियम रॉड पाइपात आणि बाहेरच्या कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) टाकीत. हे सगळ्यात वाईट. फ्लो थांबला की टाकी गार होणार, प्रोब म्हणणार अजून गरम कर, आणि कंट्रोलर बिचारा बंद पाइपात वीज ओतत राहणार. कंट्रोलर लावायचाच तर हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट जिवंत ठेवा, तो कंट्रोलरपेक्षा एक-दोन अंश वर सेट करा, आणि जमत असेल तर लाइनीत फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते ओळखणारा) टाकून त्यावर रिले (हीटरची वीज तोडणारा स्विच) चालवा म्हणजे पाणी थांबलं की हीटर मरतो. हीटर आणि फिल्टर एकाच बोर्डावर लावून भागत नाही, हवा अडकल्यावर पंप आवाज करत चालूच असतो की.

अजून एक गोष्ट त्या मेसेजमध्ये अजिबात नाही. काचेच्या हीटरचा थर्मोस्टॅट बहुतेक वेळा डोक्याकडच्या भागात असतो. बटण हाताशी राहावं म्हणून लोक डोकं ग्लँडच्या बाहेर भरपूर काढून ठेवतात, मग थर्मोस्टॅट पाण्याऐवजी खोलीतली हवा मोजतो आणि हीटर उशिरा बंद होतो. हीटरवर पाण्याच्या किमान पातळीची रेघ असते, ती पाण्याच्या आतच गेली पाहिजे.

"कुठेही लावा" तर नाहीच. फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर लावा, म्हणजे गाळलेलं पाणी येतं आणि हीटरवर घाण बसत नाही. ओढणाऱ्या लाइनवर लावलात आणि जोड जरा जरी सैल निघाला तर तो हवा आत ओढणार. आणि उभाच लावा, पाणी खालून आत, वरून बाहेर. आडवा ठेवला की वर बुडबुडा साचतो आणि त्या जागी काच कोरडीच तापते, मग गार पाणी लागलं की तडा.

सबमर्सिबलचं म्हणाल तर बॉक्सवर किती खोलीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं, बऱ्याच हीटरवर एक मीटर. पाइप कपाटाच्या तळाशी असेल तर टाकीच्या वरच्या पातळीपासून सव्वा मीटर सहज भरतं, वर पंपाचा दाब वेगळा. आणि ग्लँड गळायला लागला तर पंप टाकीतल्या इनटेकच्या (पाणी ओढणाऱ्या नळीच्या) जाळीपर्यंतचं पाणी कपाटात आणून ओतणार. ग्लँड नायलॉनचा घ्या, पितळेचा नको, त्यातलं तांबं कोळंबी आणि गोगलगायींना घातक. सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर एक दिवस वाळू द्या, नीट धुवा, मग आणखी एक दिवस हीटरला वीज न देता नुसतं पाणी फिरवा. खाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला की बारीक झिरपा पण लपत नाही. माझ्या पहिल्या ग्लँडखाली थेंब कधी दिसलाच नाही, फक्त वाळलेल्या क्षारांचं पांढरं कडं दिसलं.

त्या लाइनवर 30 मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, आणि प्लगच्या आधी वायरला खाली झोल द्या म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाणार नाही. फिल्टर उघडायच्या आधी हीटरचा प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि परत लावताना पाणी जोरात पडताना डोळ्यांनी दिसल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. मी तर तो प्लग काढला की फिल्टरच्या झाकणावरच ठेवतो, म्हणजे झाकण बसवून पाणी सुरू होईपर्यंत तो चुकून सॉकेटमध्ये जातच नाही.