फ्लॅटच्या दारात पाण्याचा मीटर हवा

उन्हाळा सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाणीबचतीच्या सूचना फिरू लागतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली घ्या, गाडी पाइप लावून धुऊ नका. यातली एकही सूचना चुकीची नाही, आणि तरीही पुण्याच्या उपनगरांतल्या बहुतेक सोसायट्यांच्या फाटकाशी मार्च उजाडताच टँकर उभे राहतात. माझे मत असे आहे की आपण बचतीचा उपदेश अशा माणसांना करत आहोत, ज्यांना आपण रोज किती पाणी वापरतो हे ठाऊक नाही आणि ठाऊक व्हावे अशी सोयही कोणी केलेली नाही. विजेचे बिल किती युनिटचे आले, सिलिंडर किती दिवस पुरला, हे कोणत्याही घरात सांगता येते. पाण्याचा आकडा विचारला की सगळे एकमेकांकडे पाहतात.

याचे कारण पैशाच्या वाटणीत आहे. पुण्यात घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षे मिळकतकराबरोबर, मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर आकारली गेली. तिचा वापराशी संबंध नव्हता. टँकरचा खर्च सोसायटी मेंटेनन्समध्ये घालते आणि तो सर्व फ्लॅटना सारखा वाटते, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या आजी आणि सहा माणसांचे कुटुंब टँकरसाठी तेवढीच रक्कम भरतात. गंमत म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनाही, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांनाही, ही सरसकट वाटणी मान्य नाही. पाण्याचे शुल्क प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटावे, असे त्यांत म्हटले आहे. ज्या काळात मोजण्याचे दुसरे साधन परवडत नव्हते, त्या काळाचा तो व्यवहार्य तोडगा होता. आपण तोही पाळत नाही.

शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना दरडोई दररोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. चौघांच्या घराला त्या हिशेबाने 540 लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर जेमतेम अठरा फ्लॅटची एका दिवसाची गरज भागवतो. हा हिशेब मनात ठेवला की घरातले पाणी नेमके कुठे जाते याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दात घासताना वाहणारा नळ डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा राग; प्रत्यक्षात मोठा खर्च न दिसणाऱ्या ठिकाणी होत असतो. जुन्या फ्लश टाकीतून एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी जाते. चार माणसांनी दिवसभरात वीस वेळा फ्लश केला तर दोनशे लिटर तिथेच संपले. तीन आणि सहा लिटरच्या दुहेरी बटणाची टाकी बसवली की हाच खर्च निम्म्याहून खाली येतो. त्याहून वाईट म्हणजे फ्लश टाकीच्या तळाचे रबर झिजते, पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे; भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. प्लंबर बोलावण्याआधी करायची ही तपासणी फुकट आहे आणि फारच थोडे लोक करतात.

पाण्यातले क्षार काढणाऱ्या आरओ यंत्राचे तसेच आहे. घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडते. जिथे पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे, तिथे आरओवर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिले होते. पुण्याला मिळणारे खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी सह्याद्रीतल्या पावसाचे, त्यामुळे ते मुळातच मृदू, म्हणजे कमी क्षारांचे आहे; त्याला आरओ लावणे मला अनाठायी वाटते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी जड असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही सोडलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नये, मातीत क्षार साचतात.

पाणी वाया जाण्याचे आणखी एक कारण उंच इमारतींचे. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आले की नळाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. बारा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचा नळ अर्धा फिरवला तरी धबधबा सुटतो, आणि अकराव्या मजल्यावरचे लोक शॉवर नीट पडत नाही म्हणून तक्रार करतात. खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व बसवणे हे त्या मजल्यांवरच्या लोकांना शंभर सूचना पाठवण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

आता प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर लावण्याविषयी. त्याला विरोध करणारे सभासद म्हणतात की जुन्या इमारतीत तो बसवताच येत नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वीज एका तारेने घरात येते. पाणी तसे येत नाही. गच्चीवरच्या टाकीतून निघालेले पाइप वेगवेगळ्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळ्यांमधून, उतरतात. एक स्वयंपाकघराचा, एकेक प्रत्येक बाथरूमचा, कधी सोलरच्या गरम पाण्याचा निराळा. दोन बेडरूमच्या फ्लॅटलाही तीन-चार ठिकाणांहून पाणी मिळते, म्हणजे एका घराला तितके मीटर, आणि काही डक्ट इतके अरुंद की प्लंबर आत शिरत नाही. खर्च होतो, यात वाद नाही. परंतु त्याची तुलना टँकरच्या एका उन्हाळ्याच्या बिलाशी केल्याशिवाय तो जास्त की कमी हे कसे ठरवणार? नव्या इमारतींच्या बाबतीत तर ही सबबही उरत नाही. आराखड्यातच प्रत्येक फ्लॅटला एक मुख्य नळजोड आणि त्यावर मीटर देणे बिल्डरला कठीण नाही. ग्राहक विचारत नाहीत म्हणून ते होत नाही. फ्लॅट घेताना आपण क्लबहाउस पाहतो, डक्ट पाहत नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे: मोठ्या कुटुंबाला दंड कशाला? तर दंड नकोच. माणशी ठरावीक पाण्यापर्यंत दर अल्प ठेवावा आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवावा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि असे चढते दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, आणि तेही आपण शहरवाले ज्याला लहान गाव म्हणतो तिथे. पाणी चोवीस तास मिळते म्हटल्यावर भरून ठेवलेले ‘शिळे’ पाणी रोज सकाळी ओतून देण्याची सवयही सुटते. पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेतही मीटर आहेत, पण ते इमारतीच्या जोडणीवर बसतात. त्यामुळे सोसायटीचा एकूण वापर कळेल. आतल्या कोणत्या घराचा किती, हा प्रश्न सोसायटीलाच सोडवावा लागेल.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी देऊन ठेवावा, अशी माझी सूचना आहे. लगेच सगळ्या फ्लॅटना मीटर नकोत. आधी गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक उतरत्या लाइनवर एक मीटर लावावा आणि रोज पहाटे तीन व पाच वाजता वॉचमनकडून आकडा लिहून घ्यावा. त्या दोन तासांत सगळे झोपलेले असतात, त्यामुळे तेव्हा जे पाणी वाहिले त्यातले बहुतेक गळतीचे असते. पहिले वर्ष कोणालाही बिल लावू नये, फक्त आकडे फलकावर लावावेत. कोणत्या लाइनवर रात्रभर पाणी वाहते हे एकदा सर्वांनी वाचले, म्हणजे फ्लॅटच्या मीटरचा ठराव मांडायला सोपे जाईल.