माशी नव्हे, मीच शिंकलो

आमच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं आणि मी शिंकलो, की आई त्या माणसाला परत खुर्चीत बसवते, दोन घोट पाणी पाजते आणि मगच उंबरा ओलांडू देते. एका शिंकेला हा उपाय ठीक आहे. मला मात्र शिंका सात-आठच्या लॉटमध्ये येतात. ओवीची शाळेची व्हॅन यापायी दोनदा चुकलीय. माझ्या बायकोने, वृंदाने, तर पासपोर्टच्या अपॉइंटमेंटच्या दिवशी मला सकाळपासून गॅलरीत काढलं होतं.

अशा घरात ओवीला कुत्रा हवा होता. सहावीतल्या मुली हल्ली हट्ट करत नाहीत, तयारी करून येतात. "बाबा, हायपोॲलर्जेनिक कुत्रे असतात. शिहत्झू, माल्टीज, पूडल. त्यांचे केस गळत नाहीत."

"म्हणजे त्यांना माणसांची ॲलर्जी नसते का?" आईने विचारलं. पुढे जे घडलं ते पाहता, तिचा प्रश्न जास्त बरोबर होता.

पहिलं पिल्लू बघायला आम्ही वाघोलीच्या पलीकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, टीव्हीखाली प्लास्टिकच्या क्रेटात चार पिल्लं, खाली वर्तमानपत्र. फिनेलचा वास इतका की कुत्र्यांच्या वासाला जागाच नव्हती. "केस गळतच नाहीत सर. झीरो ॲलर्जी, गॅरंटी," असं ब्रीडर म्हणतोय तोवर मी पाचवर पोचलो होतो. "ते फिनेलने, सर."

"यांची आई कुठंय?" वृंदाने विचारलं.

"मदर फार्मवर असते, मॅडम."

"फार्म कुठंय?"

"लांब आहे."

"पिल्लं किती दिवसांची?"

"चाळीस. एकदम रेडी."

वृंदा घरून नियम वाचून आली होती. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तिने नोंदणीचा कागद मागितला. "कागद आहे ना मॅडम," तो उजळून म्हणाला, "विथ पेपर पंचेचाळीस, विदाऊट पेपर तीस."

जिन्यात ओवी रडली. मला वाटलं, पिल्लू मिळालं नाही म्हणून. ती म्हणाली, "त्यांची आई खरंच लांब असेल का रे?" यावर कुणी काही बोललं नाही. परतीच्या रस्त्यावर ट्रॅफिक नेहमीएवढाच होता, पण त्या दिवशी तो जास्त वाटला.

मग मला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेण्यात आलं. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओवीच्या तयारीवर पाणी ओतलं. ॲलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेत, कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिची धूळ हवेत जाते आणि मी शिंकतो. केस न गळणाऱ्या कुत्र्यालाही जीभ असतेच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तपासलं, तेव्हा या 'हायपोॲलर्जेनिक' म्हणवणाऱ्या जातींच्या केसांवर ते प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच निघालं. "मग फरक जातीचा नाही?" "एकेका कुत्र्याचा असतो," डॉक्टर म्हणाले. "एक प्रथिन तर फक्त नरांमध्ये तयार होतं. काही जणांना तेवढ्याचीच ॲलर्जी असते, त्यांना मादी चालून जाते."

"नुसत्या नरांची ॲलर्जी असू शकते?" वृंदाने विचारलं. माझ्याकडे न बघता.

टेस्टसाठी आठवडाभर गोळी बंद होती. त्या आठवड्यात आमच्याकडून कुणी कामाला गेलंच नाही म्हटलं तरी चालेल. मग हातावर पेनाने ओळीने आकडे, प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, थेंबातून सुईचा हलका टोचा आणि पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. माणसाच्या संयमाची याहून वाईट परीक्षा एमपीएससीसुद्धा घेत नसेल. निकाल असा: घरातल्या धुळीतल्या किड्यांच्या थेंबाजवळ मटाराएवढी गांधी. काँग्रेस गवताच्या थेंबाजवळही गांधी, त्याला कुणीच काही करू शकत नाही. (हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यातच, १९५० च्या दशकात. डॉक्टरांनी ही माहिती ज्या अभिमानाने दिली, त्यावरून ते मूळचे पेठेतले असणार.) आणि कुत्र्याच्या थेंबाजवळ जेमतेम मसुराएवढी.

"मसुराएवढी म्हणजे हो की नाही?" ओवीने विचारलं.

"म्हणजे कुत्रा निवडा आणि आधी त्याच्यासोबत राहून बघा."

आता आम्ही कुत्री सांभाळून दत्तक देणाऱ्या एका गटाकडे गेलो. तिथे कुत्र्याची नव्हे, आमचीच निवड व्हायची होती. फॉर्म चार पानी. स्वयंसेविका घर बघायला आली, गॅलरीच्या गजांमधलं अंतर तिने टेपने मोजलं, माझा पगार विचारला नाही पण सोफ्याकडे बघून ताडला असावा. "दुपारी एक ते चार घरी कोण असतं?" "सगळे असतात," आई म्हणाली, "पण झोपलेले."

त्यांच्याकडे तळजईच्या टेकडीवर कुणीतरी सोडून दिलेली, ल्हासा ॲप्सो जातीसारखी दिसणारी एक मादी होती. अंदाजे पाच वर्षांची, एक डोळा धूसर, सापडली तेव्हा केसांचा इतका गुंता की अख्खी भादरावी लागली होती. केस गळत नाहीत याचा अर्थ ते तिथेच राहून गुंततात. रोज विंचरावं लागतं, महिना-दीड महिन्याने कापावे लागतात. हे सोडणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितल्यामुळेच त्याने सोडली असेल. नाव ब्राऊनी. रंग पांढरा.

स्वयंसेविकेने मला ब्राऊनीचा टॉवेल दिला. "काका, हा तीन रात्री उशीशी घेऊन झोपा. मग सांगा."

परक्या बाईचा रुमाल लपवावा तसा मी तो टॉवेल बॅगेत घालून घरी आणला. निळा, चौकडीचा, एका कोपऱ्याला दातांची नक्षी. आईने तो चिमट्याने धरून गॅलरीत नेला. वृंदा ओवीच्या खोलीत झोपायला गेली. रात्री अंधारात मी आणि तो टॉवेल. ओल्या जमिनीसारखा आणि थोडा ग्लुकोज बिस्किटासारखा वास. पहिल्या रात्री चार शिंका. दुसऱ्या रात्री दोन. तिसऱ्या रात्री शून्य. सकाळी टॉवेल माझ्या मानेखाली होता.

ओवीला हा प्रकार बावळट वाटला, म्हणून मी तिला लॅब्राडूडलची गोष्ट सांगितली. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन या माणसाने लॅब्राडॉर आणि पूडलची जोडी लावली, कारण हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. तीन पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. "बघ, इथेही फक्त टॉवेल पाठवला." "आणि नवरा शिंकतोय," वृंदा म्हणाली.

ब्राऊनी दोन आठवड्यांसाठी चाचणीवर आली. आईच्या तोंडी नाव बसेना, तिने पहिल्याच दिवशी तिची भवानी केली. आईने कॅलेंडरवर शिंकांच्या रेघा ओढायला आठवडाभर आधीपासूनच सुरुवात केली होती, कोर्टात लागेल असा पुरावा म्हणून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हॉलमधला गालिचा गेला, गाद्यांना चेनवाली कव्हरं चढली, गोधड्या गरम पाण्यातून निघाल्या, बेडरूम भवानीला बंद झाली. भवानी येण्याआधीच्या आठवड्यात रेघा ४१. आल्यानंतरच्या आठवड्यात १४.

मी आईला म्हटलं, "गालिचा, आई. किडे गालिच्यात होते." तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी साताऱ्याच्या मावशीला फोनवर सांगत होती, "कुत्रं आणल्यापासून याच्या शिंका गेल्या बघ. गुण आहे पोरीत." तेव्हापासून सर्दीवाले नातेवाईक फोन करून जात विचारतात.

परवा दत्तकाच्या कागदांवर सह्या करायला निघालो होतो. मी बूट घातले, ओवीने पट्टा लावला, वृंदाने किल्ली घेतली. मी नाक घट्ट धरून उंबऱ्यावर उभा होतो. एवढ्यात खालून बारीकशी 'फट्च' आली. मग दुसरी.

आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि आधी वाटी भरली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "भवानी, तू आधी पाणी पी."