भाषा तिकडे गेल्यावर येत नाही, मुलींनो

"ताई, भाषा काय, तिकडे गेल्यावर येतेच ना?" जर्मनीहून सुट्टीवर नाशिकला आल्यापासून पाच जणींनी मला हे विचारलं. कालची मुलगी सातपूरहून आईला घेऊन आली होती. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, हुशार, २ वर्षं आयसीयूत काढलेली. जर्मनीला पाठवतो म्हणून एजंटने साडेचार लाख सांगितलेत आणि घरात सोनं गहाण ठेवायचं ठरतंय. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

मीही अशीच गेले. आईच्या पाटल्या ठेवून. ३ महिन्यांच्या क्लासमध्ये ए-टूपर्यंतची, म्हणजे जर्मनच्या सुरुवातीच्या दोन पातळ्यांची पुस्तकं पळवत संपवली आणि "बाकीचं तिकडे होतं" या शब्दावर विमानात बसले.

जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारण बी-टू, म्हणजे ए-टूच्या दोन पायऱ्या वरची भाषेची पातळी लागतेच. आपला डिप्लोमा तिकडचं राज्य तपासतं, त्याला अनेरकेनुंग म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलींना आधी 'तुमच्या शिक्षणात हे हे कमी आहे' असं पत्र येतं. मग एकतर काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा, नाहीतर तोंडी आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यायची. तोवर तुम्ही नर्स नाही, मदतनीस. पगारही मदतनिसाचा. भाषा कच्ची असेल तर हे दिवस लांबतच जातात. माझं दीड वर्ष त्यात गेलं, आणि पाटल्यांचं व्याज इथे आई भरत होती.

पैशांचं एक वेळ सोडा. तिथल्या दुसऱ्या महिन्यातली एक रात्र सांगते.

पक्षाघाताच्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "मिअर इस्ट श्लेश्ट." श्लेश्ट म्हणजे वाईट, एवढं क्लासमध्ये शिकले होते. मला वाटलं, आजींना वाईट वाटतंय, घरची आठवण येतेय. मी त्यांचा हात हातात घेतला, पांघरूण सारखं केलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी पुन्हा हात थोपटला. त्या वाक्याचा अर्थ होता, मला मळमळतंय. मिनिटाभरात उताण्या निजलेल्या आजींना उलटी झाली. अर्धं अंग गेलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत गेली तर काय होतं, हे नर्सना सांगायला नको. सोबतची सीनियर धावत आली, आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, सक्शन केलं. आजी वाचल्या.

नाशिकच्या हॉस्पिटलात पेठ-दिंडोरीकडची एखादी म्हातारी "पोटात ढवळतंय गं" म्हणाली, की तिचं बोलणं संपायच्या आत माझ्या हातात उलटी धरायचा किडनी ट्रे असायचा. त्या रात्री बाथरूममध्ये जाऊन मी खूप रडले.

पुढे सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन बसायचे, कामावरून आल्यावर बातम्या लावून ऐकायचे. गोएथे संस्थेच्या बी-टू परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. ऐकण्यात मी एकदा नापास झाले. रात्रपाळ्या करून, एकट्या खोलीत हे सगळं करण्यापेक्षा इथे आईच्या हातचं खाऊन करा. परीक्षेला नाशिकरोडहून एसटीने सिन्नर-संगमनेर करत पुण्याला जाता येतं. वर्ष-सव्वा वर्ष जाईल, जाऊ द्या.

कामाचंही आधी समजून घ्या. पेशंटला अंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं, डायपर बदलणं, हे तिकडे नर्सचंच काम आहे. आपल्याकडे ते मावशी, मामा आणि नातेवाईक करतात. मला ते काम आवडायला लागलं, माणूस त्यातून कळतो. पण आपण रोज लावतो ती आयव्ही, म्हणजे सलाइनची सुई, तिकडे बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की चांगल्या चांगल्या मुली खचतात.

आता ते साडेचार लाख. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला सरकारी परवाना लागतो आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो. परवानाधारकांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. नाव तिथे शोधा, नसेल तर उठून या. जर्मनीत नर्सभरतीसाठी 'फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' नावाचा सरकारी गुणवत्ता शिक्का आहे. तो असलेल्या एजन्सीने नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च नोकरी देणाऱ्याचा. केरळ सरकारच्या नोर्काने, म्हणजे परदेशी गेलेल्या केरळींसाठीच्या संस्थेने, २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार संस्थेशी करार केला, त्या योजनेत मुलींना भाषासुद्धा फुकट शिकवतात. आपल्या मुलींनी सोनं का ठेवायचं?

पगाराचा आकडा सांगतील तो कापण्याआधीचा असतो. एकट्या मुलीच्या हातात ढोबळमानाने त्याच्या दोन तृतीयांश पडतात, त्यातून घरभाडं. आणि करारात 'अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर खर्च परत' असं कलम आहे का, ते सही करण्याआधी शोधा. माझ्यात होतं. मला ते वाचता आलं नव्हतं.

मी १८ तारखेपर्यंत नाशिकरोडला आईकडेच आहे. दुपारी चारनंतर कधीही या. करार घेऊन या, जर्मनमधलाच, भाषांतर नको. बसून ओळ न् ओळ वाचून सांगते.