मेल्टन मोब्रे: आकड्यांच्या पलीकडचा मंगळवार

इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रेच्या लोकसंख्येवरचा तुमचा लेख छान, पण त्याचं चित्र नुसत्या जनगणनेवरून काढलं की गाव झोपाळू वाटतं. लोकवस्ती साधारण 27 हजार, 95 टक्क्यांच्या वर गोरे, म्हातारे वाढतायत, हे सगळं खरंच आहे, पण मंगळवारी तिथल्या बाजारात जाऊन बघा की राव! या बाजाराची नोंद 1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, आहे आणि आजही मेंढ्यांचा लिलाव चालतो, लिलाववाला इतक्या सुसाट बोलतो की आपल्याला ओ की ठो कळत नाही आणि शेतकरी नुसती भुवई उडवून बोली लावतात.

पोर्क पायचं, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेल्या इथल्या प्रसिद्ध पायचं, एका ओळीत उरकलंत ते मात्र खटकलं. 2009 पासून त्याला युरोपचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आपल्या हापूससारखंच. साच्याशिवाय भाजतात म्हणून कडा पोटासारख्या बाहेर फुगतात, आणि मांस खारवलेलं नसतं म्हणून आतून गुलाबी नाही तर राखाडी दिसतं. मांस न खाणाऱ्यांनी स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं चीज घ्यावं, वास सहन होत असेल तर :)

आणि रोजगाराचं बोलताना पेडिग्री, म्हणजे कुत्र्यामांजरांच्या खाण्याचा कारखाना कसा काय सुटला? पिढ्यान्पिढ्या लोकं तिथे कामाला आहेत. लेस्टर शहर इथून जेमतेम 15 मैल, तिथे 2021 ला 43 टक्के आशियाई, आणि इथे देशी चेहरा शोधावा लागतो! घरांच्या किमती का नोकऱ्या का अजून काही, यावर पुढचा भाग लिहाच.