पोपला आवरणारा फादर

आपल्याकडची श्रद्धा-विज्ञानाची भांडणं मी इथे बेल्जियममध्ये बसून वाचतो तेव्हा आता जरा कंटाळाच येतो. एक पार्टी म्हणणार बिग बँग, विमानं, सगळं आमच्या ग्रंथांत आधीच लिहून ठेवलंय, दुसरी पार्टी लगेच गॅलिलिओला पुढे करणार, की बघा धर्माने विज्ञानाचं काय केलं ते. जॉर्ज लमेत्रचं नाव मात्र दोघांकडूनही ऐकू येत नाही.

हा माणूस इथलाच, ल्यूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवायचा, आणि होता चक्क फादर! १९२३ मध्ये गुरुदीक्षा घेतली, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू झाला, आणि १९२७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांवरून दाखवून दिलं की विश्व प्रसरण पावतंय. आइनस्टाइनला ते तेव्हा अजिबात पटलं नव्हतं, गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र भयंकर आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्याने ऐकवलं म्हणतात. १९३१ मध्ये लमेत्र त्याच्याही पुढे गेला, सगळ्याची सुरुवात एका 'आदिम अणू'पासून झाली म्हणाला, म्हणजे आपण आज ज्याला बिग बँग म्हणतो त्याचंच पहिलं रूप.

खरी मजा पुढे आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा संबंध थेट बायबलमधल्या सृष्टीच्या सुरुवातीच्या 'प्रकाश होवो' या देवाच्या आज्ञेशी जोडला. कुठलाही फादर यावर खूश झाला असता ना? लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं होतं की माझा सिद्धांत देवाच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही, उद्या तो चुकीचा निघाला तर काय कराल? त्याने आपलं म्हणणं पोपपर्यंत पोचवलं आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा परत काढला नाही.

म्हणून चर्च धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही हां. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली, मरेपर्यंत घरातच नजरकैद, आणि ती चूक झाली हे पोपनी जाहीरपणे मान्य केलं १९९२ मध्ये, इतक्या उशिरा की त्याचं कौतुक तरी काय करायचं. आम्हीच युनिव्हर्सिट्या काढल्या म्हणून छाती फुगवणारे कॅथलिक इथेही भेटतात, तेही मला तितकेच बोअर होतात.

पण माझ्या लॅबमधली एक सीनियर बाई राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येते, मशीनचं कॅलिब्रेशन करते, आकडे जुळले नाहीत तर शिव्या घालते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्या आकड्यांत तिला देव शोधायचा नसतो आणि तू मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, का जातेस असंही तिला कोणी विचारत नाही.

आपल्याकडे कोणी लमेत्रसारखं म्हणालं असतं, की माझ्या शोधाला ग्रंथाचा पुरावा करू नका, तर एका बाजूने तो धर्मबुडवा ठरला असता आणि दुसऱ्या बाजूने विचारलं असतं, मग तू देव मानतोसच कशाला. लमेत्रला १९६० मध्ये पोपच्याच विज्ञान अकादमीचा अध्यक्ष केलं आणि १९६६ मध्ये वारला तोपर्यंत तो त्या पदावर होता.