सुतकाच्या घरात काय विचारायचं असतं?

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमाबद्दल भलामोठा मजकूर टाकला. मराठी संस्कृतीला काळिमा, गावाकडं असलं काही नसतं, वगैरे. खाली लगेच अंगठे आणि जोडलेले हात. ‘काका, सिनेमा पाहिलात का?’ असं विचारलं, तर म्हणाले, ‘बघायची गरज नाही.’ मी कालच बघून आलेय आणि रात्री धड झोपले नाहीये. म्हणून इथं लिहितेय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुंबईत राहणारा तिशीतला आनंद वडील गेल्यावर आईबरोबर गावी येतो, दहा दिवसांच्या दुखवट्याला. संगमनेरकडचा मुलूख, भाषा आमच्याच बाजूची. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि बापाची राख थंड झाली नाही तोवर लग्नाचं टुमणं सुरू. तिथं त्याला बाल्या भेटतो. लहानपणचा मित्र, शेतकरी, शेळ्यांमागं फिरणारा. एक शहरात वाढलेला, एक मातीतला; पण त्या सगळ्या गोतावळ्यात आनंदजवळ नुसतं बसणारा तेवढा एकच. हो, पुढं ते प्रेम आहे. दोन पुरुषांचं प्रेम आहे. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगून झालंय की हा गुन्हा नाही. आमच्या ग्रुपपर्यंत ते अजून पोचायचंय.

दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांनी हे हवेतून आणलेलं नाही. त्यांचे स्वतःचे वडील गेले तेव्हा त्या दहा दिवसांत नातेवाइकांनी लग्नासाठी त्यांच्यामागं असाच लकडा लावला होता, आणि त्यातूनच हा सिनेमा सुचला. मला हे वाचून रडू आलं होतं. कारण ते दहा दिवस मी बघितलेत.

आमचे अण्णा, माझे वडील, गेले तेव्हा सावडून घरी आलो, हातपाय धुतले, आणि चुलत्यांपैकी एकानं मला पडवीत बाजूला घेतलं. मला वाटलं धीर देतायत. त्यांनी विचारलं, ‘हक्कसोडपत्रावर सही करशील ना? भावाचं वाईट नको व्हायला.’ माझ्या भावानं असलं काही मागितलेलं नव्हतं. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर घाई. पण सावडायच्या दिवशी? माझ्या पदराला अजून धुराचा वास होता!

आणि त्याच संध्याकाळी आमच्या गोठ्यात नाना आले. नाना म्हणजे आमचे बांधकरी, बांधापलीकडच्या शेताचे मालक. बांधावरून अण्णांची आणि त्यांची कोर्टात केस चालू होती, आमची शाळा संपली तरी ती संपली नव्हती. एकमेकांकडं पाणी पीत नव्हते. पण आमची गाय अण्णांशिवाय कुणाला धार काढू देत नसे, सकाळपासून हंबरत होती, आणि ते नानांना त्यांच्या वस्तीवर ऐकू जात होतं. ते ओसरीवर आलेच नाहीत. सरळ गोठ्यात गेले, गाईच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले, मग खाली बसले. चरवी आणून आईपुढं ठेवली. आईनं बिनदुधाचा चहा दिला, तो त्यांनी घेतला. दोघं एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर दोन्ही वेळा ते येत राहिले.

आता सिनेमाकडं येते. त्यात पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसं आपापल्या वेगानं वागतात. संथ आहे, मान्य. माझ्या मागच्या रांगेतला एक जण मध्येच उठून गेला. पण दुखवट्याचे दिवस धावतात का कुणाच्या घरात? एक दिवस सरता सरत नाही. बसायचं, उठायचं, आलेल्याला तेच ते पुन्हा सांगायचं, ‘कसं झालं हो?’ जयश्री जगताप यांनी आनंदची आई केलीय. ती बाई रडून दाखवत नाही. नवरा गेलाय, आणि तिला पोराला या लोकांपासून वाचवायचंय. पोरगा कसा आहे हे तिला माहीत आहे. गावाला सांगायला तिच्याकडं एका मुलीची, प्रेमभंगाची गोष्ट आहे. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून ती त्याच्यासाठी खोटं बोलते. संस्कृती संस्कृती म्हणता ना, मग या आईला काय म्हणाल?

आनंद झालेला भूषण मनोज आणि बाल्या झालेला सूरज सुमन, दोघंही अभिनय करतायत असं कुठं वाटत नाही. बाल्या आनंदसाठी साबराची बोंडं, म्हणजे निवडुंगाची लाल फळं, घेऊन येतो. लहानपणी आम्हीही गोणपाटावर घासून, कुसं काढून खायचो, तोंड लालभडक व्हायचं. आणणाऱ्याच्या बोटांत कुसं राहायचीच.

भावकी सगळी वाईट नसते, हेही लिहिते, नाहीतर आई रागावेल. सुतकात चूल बंद असते, भाकरी त्यांच्याच घरून आल्या. बरं.

पण अण्णांच्या दहाव्याला काय झालं ते ऐका. नदीवर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. मग कुजबुज, आणि एका बाईंनी मला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘पोरीनं सहीचं कबूल करावं, त्यांचा जीव त्यातच अडकलाय.’ सगळ्यांच्या माना माझ्याकडं. माझ्या मेलेल्या बापाला तुम्ही सातबाऱ्यासाठी वापरलंत. हे लिहिताना आत्ताही माझे हात थरथरतायत. तेव्हा मागून नाना म्हणाले, ‘ती सकाळपासून उन्हात उभी आहे, तिला आधी पाणी द्या.’ बस, एवढंच. कुणीतरी तांब्या दिला. कावळा त्याच्या वेळेला आला.

केस पुढंही चालली. नानांनी बांधाची एक वीत सोडली नाही, आम्हीही नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात जे आहे त्याला आमच्याकडं नातं नाही, मैत्री म्हणावं तर तसं उठणंबसणंही कधी झालं नाही. पण माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत माझ्याकडून काही नको असलेला माणूस तोच होता. म्हणून आनंद बाल्याजवळ का जाऊन बसतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. बाल्या पुरुष आहे म्हणून तुमचं बिनसतंय. त्या भरल्या घरात दुसरं कोण आलं होतं त्याच्याजवळ, ते सांगा ना!

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार या सिनेमाला मिळाला. तिथं पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा. आणि आमच्या शहरात त्याला दिवसाला एक खेळ, तोही नोकरी करणाऱ्याला जमणार नाही अशा वेळी. शुक्रवारी, १९ सप्टेंबर २०२५ला लागलाय. पुढच्या शुक्रवारी असेलच याचा भरवसा नाही, म्हणून गुरुवारच्या आत बघा. मी मंगळवारी आईला घेऊन परत जातेय. तिला अजून काही सांगितलेलं नाही, दहा दिवसांचा सिनेमा आहे एवढंच सांगितलंय. ती म्हणाली, ‘चल.’ कुणाला बरोबर यायचं असेल तर उद्यापर्यंत कळवा, तिकिटं एकत्र काढते.